फेल्टच्या चपला

चला, छत्र्या मिटा. हो, तुम्हीसुद्धा.
राजाच्या घरात पाऊस आणायचा नाही.
आधी या चपला चढवा, बुटांवरूनच,
करड्या फेल्टच्या, होडीएवढ्या.
पाय उचलू नका, नुसते सरका.
जुनी नाजूक जमीन आहे,
आणि तिला चकाकी आणता तुम्ही,
वर तिकिटाचे पैसेही तुमचेच.
(इथे सगळे हसतात. तेवढं थांबते मी.)

हा संगीताचा दिवाणखाना.
छताकडे बघा, सोन्याचं कोळ्याचं जाळं.
डावीकडच्या कोपऱ्यात खरंही आहे एक,
त्यातला कोळी भाडं देत नाही.
ऑफिसात मी अजून बोललेले नाही.

बाहेर या. वारा आहे, टोप्या धरा.
हे थडगं त्याचं, साधी फरशी.
लोक फुलं ठेवत नाहीत, बटाटे ठेवतात.
प्रजेला बटाटा खायला त्यानं शिकवलं म्हणे.
आमच्याकडे 'म्हणे' पुष्कळ पिकतं.
गेल्या आठवड्यात एका छोटीनं विचारलं,
उकडून का नाही ठेवत?
आणि शेजारी ही त्याची कुत्री,
प्रत्येकीला तिची फरशी, तिचं नाव.

आता गच्च्या उतरायच्या.
पायऱ्या मोजू नका, मी मोजल्यात, गुडघ्यांनी.
दोन्हीकडे अंजिरं, काचेच्या दारांआड,
पॉट्सडामची थंडी सोसत नाही त्यांना.
कारंज्याभोवतीच्या पुतळ्यांनाही नाही.
हिवाळा आला की लाकडी खोकी चढतात त्यांच्यावर.
आई करायची ते काम.
पहिलं खोकं व्हीनसला,
म्हणायची, बिचारीच्या अंगावर काही नाही.
घरी आम्ही तिघं एका रजईत,
कोळसा मोजून.
हे मी फेरीत सांगत नाही.

बस तिकडे, निळी. ड्रायव्हर नेजाती,
त्याला शुभ दुपार म्हणा, आवडतं त्याला.
पाच मिनिटं स्वच्छतागृहासाठी,
सुटे पैसे लागतील. राजवाडा झाला तरी.

ही दुसरी बाग. जपून, गवत ओलं आहे.
उजवीकडे तळं. काढा फोटो.
आमच्या घरापासून चालत सात मिनिटं.
मला पोचायला सव्वीस वर्षं लागली.
भिंत या बाकामागून जायची,
अलीकडे विंचरलेली वाळू,
कोण चाललं ते उमटावं म्हणून,
आणि तारेला बांधलेली कुत्री,
इकडून तिकडे, तिकडून इकडे, रात्रभर.
त्यांनाही नावं असतील.
फरशा कुणी घातल्या नाहीत.

ते पोहणारे? हो, उघडेच आहेत.
बघा किंवा बघू नका, त्यांना काही वाटत नाही.
तो टक्कलवाला एगॉन.
विशीत आला होता दूरच्या गावाहून, पहाऱ्याला.
दीड वर्ष उभा राहिला इथे,
तळ्याकडे पाठ करून,
कारण त्यांनी आमच्याकडे बघायचं असे.
मग इथेच राहिला.
आता रोज पोहतो, बर्फ धरेपर्यंत.
आम्ही बोलत नाही.
तो हात करतो. मी करते.
कधी करत नाही.

"आन्नेग्रेट," नेजाती बसच्या दारातून ओरडतो,
"पायांकडे बघ!"

बघते.
करड्या, होडीएवढ्या,
गुडघ्यांनी मोजलेल्या पायऱ्यांवरून,
खडीवरून, या गवतातून,
पाणी पिऊन जड झालेल्या.
म्हणूनच मघाशी
त्या वाळूच्या जागेवरून चालताना
माझी मलाच ऐकू आले नाही मी.

संध्याकाळी खोक्यात मोजदाद होते.
एक जोड कमी भरेल.
भरू दे.

चला, बसा, डोकी मोजते.
सदतीस, अडतीस, खिडकीतल्या काकू एकोणचाळीस.
पुढचा थांबा जेवणाचा.
बटाटे आहेत.